लेक्सस एलएफए: वाद नेमका कशावर आहे?

एलएफए ही टोयोटाच्या लेक्सस या महागड्या ब्रँडची स्पोर्ट्स कार, आणि वाद असा की ती तेवढ्या पैशांच्या लायकीची होती का. एका एलएफएच्या पैशात निसानच्या जीटी-आर या चार वेगवान गाड्या येतात आणि वर पैसे उरतात. या वादातला हा सगळ्यात जुना आणि सगळ्यात जोरकस मुद्दा, आणि हिशोबही खरा आहे. २००७ साली जपानमध्ये जीटी-आर आली तेव्हा तिची किंमत ७७ लाख ७० हजार येनांपासून सुरू होत होती. ऑक्टोबर २००९ मध्ये टोकियोच्या मोटर शोमध्ये लेक्ससने एलएफए दाखवली, ती ३ कोटी ७५ लाख येनांना. अमेरिकेत ३ लाख ७५ हजार डॉलरना. शून्यावरून ताशी १०० किलोमीटरला पोचायला एलएफएला ३.७ सेकंद लागतात आणि तिचा सर्वाधिक वेग ताशी ३२५ किलोमीटर. आकडे उत्तम आहेत, पण त्यातले काही जीटी-आरही गाठते. मग जवळपास पाचपट पैसे कशाचे?

चाहते या प्रश्नावर गेली कित्येक वर्षं भांडतात. दोन्ही बाजू वेग, ताकद आणि किंमत यांचा एकच तक्ता समोर ठेवून भांडतात, म्हणून ते भांडण मिटत नाही. एलएफएवर झालेला खर्च बहुतांश अशा जागी आहे जी तक्त्यात दिसतच नाही. त्या जागा एकेक करून पाहू.

नऊ हजार फेऱ्यांची किंमत

इंजिनाची ताकद म्हणजे टॉर्क, अर्थात फिरवण्याचा जोर, गुणिले फेरे. ताकद वाढवायचे रस्ते दोन: प्रत्येक फेऱ्यातला जोर वाढवा, किंवा मिनिटाला फेरे वाढवा. टर्बो लावणं, म्हणजे सिलिंडरात जास्तीची हवा दाबून भरणं, हा पहिला रस्ता, जीटी-आरने तोच घेतला. एलएफएने दुसरा घेतला. यामाहा मोटरच्या साथीने बनवलेलं तिचं १एलआर-जीयूई हे इंजिन दहा सिलिंडरचं, ४,८०५ सीसीचं, टर्बोशिवायचं आहे. ८,७०० फेऱ्यांना ५६० पीएस (मेट्रिक अश्वशक्ती) ताकद, ६,८०० फेऱ्यांना ४८० न्यूटन-मीटर टॉर्क. लाल रेषा, म्हणजे फेऱ्यांची मर्यादा, ९,००० वर.

फेरे वाढवणं ऐकायला सोपं वाटतं, पण त्याची किंमत वर्गाने वाढते. फेरे ६,००० वरून ९,००० केले, म्हणजे दीडपट, की पिस्टन आणि त्याला खालच्या शाफ्टशी जोडणाऱ्या कनेक्टिंग रॉडवरची ओढ सव्वादोन पट होते. या इंजिनात पिस्टनची एका बाजूची धाव ७९ मिलिमीटर आहे. ९,००० फेऱ्यांना प्रत्येक पिस्टन सेकंदाला ३०० वेळा थांबून उलटा वळतो, आणि तरीही त्याचा सरासरी वेग सेकंदाला २३.७ मीटर असतो. वरच्या टोकाला वळताना त्याच्यावर गुरुत्वाच्या चार हजार पटींहून जास्त त्वरण येतं. साधा पोलादी रॉड इथे टिकवायचा तर तो जाड करावा लागतो. जाड केला की जड होतो. जड झाला की ओढ आणखी वाढते. या फेऱ्यातून सुटायचा मार्ग म्हणजे धातू बदलणं. एलएफएचे कनेक्टिंग रॉड टायटेनियमचे आहेत. टायटेनियमचं वजन त्याच आकाराच्या पोलादाच्या साधारण ५८ टक्के भरतं. मात्र ते कापायला आणि घडवायला अवघड, महाग, आणि हत्यारं लवकर खाणारं.

सिलिंडरात हवा आत-बाहेर सोडणारे व्हॉल्व्हही टायटेनियमचेच. कारण असं: व्हॉल्व्ह उघडतो कॅम, पण बंद करते स्प्रिंग. फेरे फार वाढले आणि व्हॉल्व्ह जड असला, तर स्प्रिंगला तो वेळेत मिटवता येत नाही, तो हवेत तरंगत राहतो. तेवढ्यात पिस्टन वर आला तर दोघांची टक्कर होते आणि इंजिन संपतं. स्प्रिंग कडक केली तर घर्षण आणि झीज वाढते. म्हणून व्हॉल्व्हच हलका करायचा.

हवेचंही तसंच. बऱ्याच गाड्यांत सगळ्या सिलिंडरांना मिळून एकच थ्रॉटल, म्हणजे हवेची झडप, असतो. पाय दाबला की आधी त्याच्या मागची मोठी पोकळी हवेने भरते, मग हवा सिलिंडरात जाते. एलएफएत दहा सिलिंडरांना दहा थ्रॉटल आहेत, सिलिंडरच्या तोंडाशीच. पाय दाबल्यापासून इंजिन जागं होईपर्यंतचा उशीर त्यामुळे जवळजवळ नाहीसा होतो.

या सगळ्याचा परिणाम एका आकड्यात सापडतो, तो म्हणजे ०.६ सेकंद. मोकळ्या गिअरमध्ये इंजिन संथ फेऱ्यांवरून ९,००० वर एवढ्या वेळात पोचतं. फेरे दाखवणाऱ्या काट्याला त्या वेगाने फिरता येईना, म्हणून लेक्ससने काटाच काढून पडद्यावरचा मीटर बसवला. ही शोभेची गोष्ट आहे असं अनेकांना वाटतं. ती नाइलाजाने आलेली आहे.

इंजिनाच्या तळाशी तेलाची खोल परात नाही. ड्राय संप पद्धतीत पंप तळातलं तेल ओढून वेगळ्या टाकीत नेतो आणि तिथून दाबाने बेअरिंगांना देतो. साध्या परातीत जोरदार वळणावर तेल एका बाजूला धावतं, पंपाच्या तोंडाशी हवा येते, आणि काही सेकंदांत बेअरिंग जळू शकतं. दुसरा फायदा असा की परात गेल्यामुळे अख्खं इंजिन जमिनीच्या जवळ बसवता येतं.

आवाज, म्हणजे नेमकं काय

एलएफएच्या आवाजाबद्दल बहुतेक लोक विशेषणांत बोलतात. तो आकड्यांत मोजता येतो.

चार स्ट्रोकच्या इंजिनात प्रत्येक सिलिंडर दोन फेऱ्यांत एकदा पेटतो. दहा सिलिंडर म्हणजे एका फेऱ्यात पाच स्फोट. मिनिटाला ९,००० म्हणजे सेकंदाला १५० फेरे. १५० गुणिले ५ म्हणजे सेकंदाला ७५० स्फोट, अर्थात ७५० हर्ट्झचा स्वर. हार्मोनियमवर शोधायचा तर तो वरच्या सप्तकातल्या काळी तीनच्या अगदी जवळ येतो. ४,५०० फेऱ्यांना तोच स्वर बरोबर एक सप्तक खाली असतो. म्हणजे ४,५०० ते ९,००० हा प्रवास एका सप्तकाची अखंड मींड आहे. चार सिलिंडरची नेहमीची गाडी ६,००० फेऱ्यांना फक्त २०० हर्ट्झवर असते, हे शेजारी ठेवलं की फरक कानाला का जाणवतो ते कळतं.

स्वर शुद्ध लागायचा तर स्फोटांमधलं अंतर सारखं हवं. दोन फेरे म्हणजे ७२० अंश. दहा सिलिंडरांत वाटले की ७२ अंश. एलएफएच्या इंजिनाचे दोन बाहू, म्हणजे पाच-पाच सिलिंडरांच्या दोन रांगा, एकमेकांशी बरोबर ७२ अंशांत आहेत, त्यामुळे स्फोट समान अंतराने होतात. एक्झॉस्टच्या नळ्यांची लांबीही सारखी ठेवली आहे, नाहीतर एका बाहूच्या पाचही लहरी वेगवेगळ्या वेळी पोचून आवाज फाटला असता. प्रत्येक बाहूचा स्वतंत्र स्वर अर्ध्या कंपनसंख्येचा, म्हणजे एक सप्तक खालचा. दोन्ही एकत्र आले की षड्ज आणि तार षड्ज एकदम छेडल्यासारखं होतं.

हवा घेणाऱ्या टाकीपासून गाडीच्या आतपर्यंत आवाज नेणारे मार्ग मुद्दाम काढले आहेत, आणि त्या कामात वाद्यं बनवणारी यामाहा कंपनी होती. इंजिन करणारी यामाहा मोटर वेगळी आणि पियानो-गिटार करणारी यामाहा वेगळी. एलएफएला दोघींचे हात लागले. स्पीकरमधून खोटा आवाज सोडलेला नाही. हा मुद्दा मला फार मोलाचा वाटतो, कारण त्यानंतरच्या काळात अनेक महागड्या गाड्यांनी नेमकं तेच केलं.

माग आणि कार्बन

या प्रकल्पाचं काम २००० च्या सुमारास हारुहिको तानाहाशी यांच्या नेतृत्वाखाली सुरू झालं. सुरुवातीच्या नमुन्यांचा सांगाडा ॲल्युमिनियमचा होता. काम बरंच पुढे गेल्यावर तो रद्द करून कार्बन फायबरचा करायचं ठरलं. वर्षं वाढली, खर्च वाढला. पण तशाच ॲल्युमिनियमच्या सांगाड्यापेक्षा वजन १०० किलोने उतरलं. तयार गाडीच्या बॉडीत वजनाने ६५ टक्के कार्बन फायबर आणि ३५ टक्के ॲल्युमिनियम आहे, आणि गाडी १,४८० किलोंची.

कार्बनचे भाग बाहेरून विकत घेण्याऐवजी टोयोटाने ते स्वतः करायचं ठरवलं, आणि इथे कंपनीचा जुना धंदा कामी आला. टोयोटा मुळात मागवाल्यांची कंपनी. साकिची तोयोदा यांनी १९२४ साली स्वयंचलित माग सिद्ध केला, १९२६ साली मागांचा कारखाना उभा राहिला, आणि त्या कारखान्यात १९३३ साली मोटारींचा विभाग निघाला. एलएफएसाठी त्यांनी गोल माग केला. त्यात कार्बनचे धागे साच्याभोवती वेणीसारखे, पेड घालत विणले जातात. समोरच्या काचेच्या कडेने छताकडे जाणारा खांब असा विणलेला आहे. साध्या कापडाचे तुकडे अशा वाकड्या, पोकळ आकारावर गुंडाळले तर जोड येतात, आणि कार्बन तुटतो तो जोडावरच. अखंड विणीत जोडच नसतो.

बाकीचे भाग तीन रीतींनी होतात, आणि कोणता भाग कोणत्या रीतीने करायचा यावरच निम्मा खर्च ठरतो.

सगळ्यात मजबूत आणि महाग रीत प्रीप्रेगची. कापडात राळ, म्हणजे धागे चिकटवून घट्ट होणारं रसायन, आधीच मुरवलेली असते, म्हणून ते थंड ठेवावं लागतं. बाहेर राहिलं तर राळ हळूहळू घट्ट व्हायला लागते. कापड कापायचं, थर वेगवेगळ्या कोनांत हाताने बसवायचे, वर पिशवी लावून हवा ओढून घ्यायची, आणि दाब व उष्णता देणाऱ्या बंद भट्टीत शिजवायचं. थरांत हवेचा बुडबुडा राहिला की ती जागा पुढे फाटते. कापडाला सुरकुती पडली की त्या ठिकाणी धागा सरळ राहत नाही आणि ताण घेत नाही. दुसऱ्या रीतीत कोरडं कापड साच्यात ठेवून दाबाने राळ सोडतात. इथली नेहमीची चूक म्हणजे एखाद्या कोपऱ्यात राळ न पोचणं. तिसरीत बारीक तुकडे केलेला कार्बन राळेसह साच्यात दाबतात. ती ताकदीने कमी, पण गुंतागुंतीचा आकार पटकन देते.

हे सगळं आयची प्रांतातल्या टोयोटा शहरात, मोतोमाची कारखान्यात झालं. डिसेंबर २०१० ते डिसेंबर २०१२, महिन्याला २० गाड्या, म्हणजे कामाच्या दिवसाला साधारण एक. एका कारागिराने एक इंजिन पूर्ण बांधायचं आणि त्यावर आपल्या सहीची पट्टी लावायची. १४ डिसेंबर २०१२ ला पाचशेवी गाडी बाहेर पडली आणि काम थांबलं. ५०० हा आकडा केवळ दुर्मीळतेसाठी काढला, असा आरोप होतो. दिवसाला एक गाडी या गतीने दोन वर्षांत तेवढ्याच होतात.

गिअरबॉक्स: इथे विरोधकांचं म्हणणं ऐकायला हवं

एलएफएवरची सगळ्यात रास्त टीका तिच्या गिअरबॉक्सवर आहे. सहा गिअर, मागच्या चाकांजवळ बसवलेला बॉक्स, आणि एकच क्लच. त्याच २००९ साली आलेल्या फेरारी ४५८ इटालियात दोन क्लचचा सात गिअरचा बॉक्स होता. जीटी-आरमध्येही दोन क्लच.

फरक समजून घेऊ. एक क्लच असलेल्या स्वयंचलित बॉक्समध्ये पॅडल ओढल्यावर क्रमाने हे घडतं: संगणक इंजिनाचा जोर कमी करतो, क्लच सुटतो, जुना गिअर निघतो, नवा बसतो, क्लच पुन्हा पकडतो, जोर परत येतो. या सगळ्याला एलएफएत सर्वात जलद मोडमध्ये ०.२ सेकंद लागतात. तेवढा वेळ चाकांना जोर मिळत नाही, आणि डोकं पुढे जाऊन मागे येतं. दोन क्लचच्या बॉक्समध्ये पुढचा गिअर दुसऱ्या क्लचवर आधीच तयार बसलेला असतो. एक क्लच सुटता सुटता दुसरा पकडतो आणि जोर तुटत नाही.

मग लेक्ससने एकच क्लच का ठेवला? गिअर बदलल्याची ठोस जाणीव चालकाला व्हावी, हे कारण कंपनीने दिलं. दुसरं कारण अभियांत्रिकीचं आहे आणि मला ते अधिक पटतं. दोन क्लच आणि दोन शाफ्ट म्हणजे जास्त वजन आणि इंजिनाला चिकटून फिरणारा जास्त बोजा. ०.६ सेकंदात लाल रेषेला पोचणारं इंजिन बनवायचं आणि त्याला जड चाक बांधायचं, यात विसंगती होती.

तरीही शहरात हा बॉक्स त्रास देतो, हे मान्य करायला हवं. रांगेत हळूहळू सरकताना, चढावर रिव्हर्स घेताना, पार्किंग करताना संगणक क्लच अर्धवट पकडून ठेवतो, आणि क्लच झिजतो तो तिथेच, ट्रॅकवर नव्हे. अशा गाडीत पुढच्या गाडीशी अंतर सोडून थांबावं, मग एकदाच सुटावं. इंचाइंचाने सरकू नये. चढावर गाडी ॲक्सिलरेटरने तोलून धरू नये, ब्रेकने धरावी.

बॉक्स मागे नेल्याचा फायदा मात्र निर्विवाद आहे. पाणी थंड करणारे रेडिएटरही मागेच आहेत. इंजिन पुढे असूनही वजनाची वाटणी पुढे ४८ आणि मागे ५२ टक्के झाली. मागच्या चाकांवर वजन असल्यामुळे सुटताना पकड मिळते, आणि ब्रेक मारताना चारही चाकं काम वाटून घेतात.

नुर्बुर्गरिंगचा आकडा

ऑगस्ट २०११ मध्ये आकिरा इइदा यांनी नुर्बुर्गरिंग पॅकेजच्या एलएफएने जर्मनीतल्या त्या ट्रॅकची फेरी ७ मिनिटं १४.६४ सेकंदांत पूर्ण केली. या पॅकेजमध्ये ताकद १० पीएसने जास्त, गिअर बदलायला ०.१५ सेकंद, पंख स्थिर आणि टायर अधिक चिकट. अमेरिकेत त्याचे ७० हजार डॉलर वेगळे पडत. हा आकडा आजच्या गाड्यांच्या वेळांशी थेट जोडणं चूक आहे. २०१९ पासून अधिकृत वेळ २०.८३२ किलोमीटरच्या पूर्ण फेरीवर घेतात. त्याआधी उत्पादक बहुधा २०.६ किलोमीटरची वेळ सांगत. दोनेकशे मीटरचा फरक म्हणजे काही सेकंद. टायरही तेव्हाचे.

आणि त्या ट्रॅकशी या गाडीचं नातं केवळ आकड्याचं नाही. टोयोटाचे मुख्य चाचणीचालक हिरोमु नारुसे २३ जून २०१० रोजी नुर्बुर्गरिंगजवळच्या रस्त्यावर एलएफए चालवताना अपघातात गेले. गाडी वळणावर कशी बोलते हे ज्यांनी घडवलं, त्यांत ते अग्रणी होते.

विकली गेली नाही, मग महाग कशी झाली?

अमेरिकेत सुरुवातीला एलएफए विकत न देता दोन वर्षांच्या लीजवर दिली. घेऊन लगेच चढ्या भावाने विकणाऱ्यांना रोखणं हा हेतू. परिणाम उलटा झाला: खरे ग्राहकही बिचकले. २०१७ च्या उन्हाळ्यातही अमेरिकेतल्या डीलरांकडे एक डझन नव्या एलएफए न विकता उभ्या होत्या. लोकांना लेक्ससच्या नावाला एवढे पैसे द्यायचे नव्हते.

मग बाजार बदलला. टर्बो आणि विजेच्या मोटारी आल्या, उत्सर्जनाचे नियम कडक झाले, आणि टर्बोशिवायचं, ९,००० फेऱ्यांचं, दहा सिलिंडरचं इंजिन पुन्हा कोणी करेल ही आशा मावळली. नुर्बुर्गरिंग पॅकेजच्या गाड्या लिलावात दहा लाख डॉलरच्या पुढे गेल्या.

जुनी एलएफए, किंवा अशी कुठलीही कार्बन सांगाड्याची जुनी गाडी तपासताना काही गोष्टी आवर्जून पाहाव्यात. कमी किलोमीटर म्हणजे चांगली गाडी, हा मोठा गैरसमज. उभी राहिलेली गाडी आधी टायरांनी म्हातारी होते. टायरच्या बाजूवर चार आकडे असतात. २३१२ म्हणजे २०१२ सालचा तेविसावा आठवडा. नक्षी नवी दिसली तरी दहा-बारा वर्षांचं रबर टणक झालेलं असतं आणि ५६० पीएससमोर ते धोकादायक आहे. तेल तपासायचं ते मालकाच्या पुस्तिकेत लिहिलेल्या रीतीनेच: ड्राय संपच्या गाड्यांत साधारणपणे इंजिन गरम असताना पातळी पाहतात. थंड असताना पाहून भर घातली, तर तेल जास्त होतं आणि हवेच्या वाटेने इंजिनात ओढलं जातं. ब्रेकच्या डिस्क कार्बन-सिरॅमिक आहेत, पुढच्या ३९० आणि मागच्या ३६० मिलिमीटर व्यासाच्या. त्या फक्त जाडीवरून नव्हे तर वजनावरूनही झिजल्या का ते ठरवतात, कारण उष्णतेने त्यांच्यातला कार्बन जळत जातो. चाक काढता-घालताना कडेला धक्का लागला तर टवका उडतो, म्हणून कडा बोट फिरवून पाहाव्यात.

सर्वात महत्त्वाचा सांगाडा. पोलाद आणि ॲल्युमिनियम मार लागल्यावर वाकतात, म्हणून दिसतात. कार्बनवर बाहेरून नुसता ओरखडा असतो आणि आत थर सुटलेले असतात. नाण्याने हलकं ठोकत गेलं तर चांगल्या भागाचा आवाज खणखणीत येतो आणि सुटलेल्या भागाचा बद्द. ही फक्त पहिली चाळण. खात्री अल्ट्रासाउंडनेच होते. पुढच्या-मागच्या ॲल्युमिनियमच्या भागांचे जोड वेगळे पाहावेत. कार्बन आणि ॲल्युमिनियम थेट एकमेकांना टेकले आणि ओल मिळाली, की ॲल्युमिनियम कुजतं. त्यामुळे मधला विलग करणारा थर शाबूत आहे का हे दुरुस्ती झालेल्या गाडीत आधी बघायचं.

भारतात ही गाडी आणता येईल का, हा प्रश्न हमखास येतो. लेक्सस भारतात आली २०१७ साली, तोवर एलएफए बंद होऊन चार वर्षं उलटली होती. जपान आणि ब्रिटनसाठीच्या गाड्या उजव्या स्टिअरिंगच्या आहेत, ती अडचण नाही. पण वापरलेली मोटार आयात करायची तर ती बनून तीन वर्षांहून जास्त झालेली चालत नाही, आणि ती उतरते फक्त मुंबई बंदरात. शेवटच्या एलएफएसाठी ती वाट डिसेंबर २०१५ मध्येच बंद झाली.